खवणेकरांचा जंत

लवू पेडणेकराच्या पोटात जंत निघाले, ही बातमी अंधेरीच्या ब्रागांझा चाळीत आरेच्या दुधाबरोबर आली. दुधाच्या रांगेत लवूची बायको मालन हिने ती स्वतः सांगितली, आणि सांगताना आवाज मुळीच खाली आणला नाही. बाटल्या घरोघर पोचण्याआधी बातमी पोचली. शरच्चंद्र खवणेकर तेव्हा गॅलरीत तोंड धूत होते. त्यांनी चूळ टाकली, मिशा टिपल्या आणि बायकोला विचारलं, "कसले जंत?"

"हुकवर्म," रत्नप्रभा म्हणाली. शब्द तिला नवा होता, म्हणून तिने तो कळी न मोडता मोदक उचलावा तसा जपून उचलला. "बेसिल डॉक्टरांच्या दुर्बिणीत दिसले. लवूभावजींना त्यांनी डोळा लावून बघायलासुद्धा दिलं."

खवणेकरांना त्या दिवशी चहा कडू लागला.

यात वाईट वाटण्यासारखं काय, असं कोणी विचारील. त्याने थोडे दिवस चाळीत राहून पाहावं. चाळीत पाण्याच्या वेळा वाटलेल्या असतात, तसे आजारही वाटलेले असतात. दमा पहिल्या खोलीतल्या धाकूकाकांचा. गुडघे घरमालकिणीचे. डोकं मालनचं, दर अमावास्येला. आणि पोट खवणेकरांचं. हे पोट त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळून नावारूपाला आणलं होतं. बारशाला, मुंजीला गेले की त्यांच्या पानात न सांगता कमी वाढत. "खवणेकरांना उसळ नको हो," असं कोणीतरी पंक्तीत म्हणे, आणि ते खिन्नपणे हसत. रत्नप्रभा त्यांच्यासाठी रोज निराळा मऊ भात शिजवी आणि त्यावर तूप घालताना एक सुस्कारा टाकी. भात कसाही असो, तो सुस्कारा खवणेकरांना फार आवडे.

आणि लवू? हा मनुष्य खडे पचवणारा. पावट्याच्या उसळीवर फणसाचे गरे खाऊन, त्यावर पाणी पिऊन, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. त्याला पोट आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने दमा घेतला असता तर खवणेकरांनी समाचाराला जाऊन विचारपूस केली असती. पण त्याने नेमकं यांचंच खातं घेतलं, आणि पहिल्याच दिवशी इंग्रजी नावाचा जंत काढून दाखवला. खवणेकरांच्या पोटाला इतक्या वर्षांत कोणी 'वात' याच्यापुढे पदवी दिली नव्हती.

संध्याकाळी लवूच्या दारात माणसं जमली. लवू खाटेवर उशीला टेकून, आपण काय पाहिलं ते सांगत होता. गोल उजेड, त्या उजेडात पाणी, आणि पाण्यात घड्याळाच्या काचेसारखी स्वच्छ अंडी, प्रत्येकात बाळं गोळा होऊन बसलेली. "आणि ती सगळी माझी रे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एखाद्या बापाचा ओलावा होता. खवणेकर गर्दीच्या मागे उभे राहून ऐकत होते. तेवढ्यात त्यांच्याच खोलीतून रत्नप्रभा बाहेर आली. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. पातेल्यात पेज होती, वर तुपाचा थेंब होता, आणि ते पातेलं मालनच्या हातात देताना रत्नप्रभाने सुस्कारा टाकला. तोच सुस्कारा. खवणेकरांनी तो लांबूनही ओळखला.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपल्यालाही तपासणी करून घ्यायची आहे.

आता या तपासणीसाठी जी वस्तू लागते तिचं नाव चारचौघांत घेणं कठीण. डॉक्टर तिला 'नमुना' म्हणतात. आपणही नमुनाच म्हणू.

नमुना न्यायचा कशात, यावर चाळीत मतं पडली. लवूने काड्यापेटीत नेला होता, सुपारीएवढा, आणि डॉक्टरांना तेवढा पुरला होता. पण लवूने केलं तेच करायचं हे खवणेकरांना पटेना. धाकूकाकांच्या मते नमुना केळीच्या पानात न्यावा, म्हणजे थंड राहतो. मालनने आतूनच सुचवलं की आमच्यांची काड्यापेटी अजून आहे. याचा खवणेकरांवर असा परिणाम झाला की त्यांनी फडताळातली मुरांब्याची काचेची बरणी उतरवली. रत्नप्रभाने बरणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि देवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्या. पण परत आणू नका."

सकाळी ती बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून खवणेकर निघाले. बेसिल डॉक्टरांकडे त्यांना जायचं नव्हतं. तिथे लवू आधी जाऊन आला होता. ते सरकारी दवाखान्याकडे निघाले.

ते दारूबंदीचे दिवस होते. सकाळच्या वेळी, इकडेतिकडे बघत, भिंतीच्या कडेकडेने, काहीतरी काचेचं छातीशी धरून चालणारा मध्यमवयीन मनुष्य म्हणजे काय, हे पोलिसांना शिकवावं लागत नसे. कोपऱ्यावरच्या हवालदाराने काठी आडवी धरली.

"काय आहे?"

"नमुना," खवणेकर म्हणाले.

हा शब्द हातभट्टीवालेही वापरत असावेत. हवालदार खूश झाला. त्याने बरणी काढायला लावली, कागद सोडायला लावला. आतली वस्तू बरणीच्या मानाने थोडी होती, पण रंगाने संशय वाढवणारी होती. खवणेकर कसंबसं म्हणाले, "साहेब, झाकण उघडू नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतो." असं त्याला आजवर पुष्कळांनी सांगितलं असणार. त्याने झाकण उघडलं आणि सवयीप्रमाणे नाक आत घालून खोल श्वास घेतला.

नंतर तो बराच वेळ गटाराच्या कडेला उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. त्याने विचारलं, तपासणी कुठे होते, कारण त्याच्याही पोटात सकाळी मुरडा येतो. मघाशीच नाही, नेहमीच येतो. खवणेकरांनी त्याला पत्ता दिला. आपल्या मागून आणखी एक प्रतिस्पर्धी तयार होतो आहे, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

सरकारी दवाखान्यातल्या कारकुनाने बरणीकडे न बघता चाळीचा पत्ता विचारला. उपनगरं मुंबईत घातली गेल्याला फार दिवस झाले नव्हते. कुठलं गटार कोणाकडे गेलं, याचा मेळ अजून बसायचा होता. कारकुनाने भिंतीवरचा नकाशा पाहिला, बोट फिरवलं आणि मान हलवली. खवणेकरांची खोली या दवाखान्याच्या हद्दीत होती, पण चाळीचे संडास नाल्यापलीकडे, म्हणजे शेजारच्या हद्दीत पडत होते.

"मी या हद्दीत राहतो," खवणेकर म्हणाले.

"तुम्ही राहता हो. नमुना तिकडचा आहे."

खवणेकरांनी वाद घातला, की वस्तू हद्दीत तयार होऊन हद्दीबाहेर आली असेल तर ती कुठली मानावी. कारकून सज्जन होता. प्रश्न खरोखर अवघड आहे असं त्याने कबूल केलं, आणि वरून खुलासा मागवतो म्हणाला. खुलासा कधी येईल हे त्याला सांगता येईना. नमुना मात्र ताजा लागतो, हे तो सांगू शकला.

शेवटी खवणेकरांना लवूच्याच पावलांवर पाऊल टाकून बेसिल डॉक्टरांच्या दारात जावं लागलं. बेसिल डॉक्टर मरोळ गावठाणातले, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातले. गोल चेहऱ्याचे, हळू बोलणारे. खिडकीपाशी त्यांचं पितळी सूक्ष्मदर्शक होतं आणि त्यावर ते पोटच्या पोरासारखा जीव लावत. त्यांनी बरणी पाहून भुवई उचलली. काडीच्या टोकावर कणभर नमुना घेतला, काचेवर पाण्याच्या थेंबात कालवला, वर नखाएवढी पातळ काच ठेवली आणि डोळा लावला. काच इकडून तिकडे सरकत होती. खवणेकर श्वास रोखून बसले होते. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांच्या होकाराची वाट पाहताना ते असे बसले होते.

डॉक्टरांनी मान वर केली. "अभिनंदन, खवणेकर. काही नाही."

"नीट बघितलंत?"

"तीनदा. इतकं निर्मळ पोट मी या भागात पाहिलेलं नाही. आमच्या फादरचंसुद्धा नाही."

हे वाक्य खवणेकरांच्या आधी चाळीत पोचलं. कसं ते कळलं नाही, पण जिना चढताना लवू वरून म्हणाला, "काय रे शरू, निर्मळ निघालास म्हणे." निर्मळ हा शब्द इतका वाईट आहे, हे खवणेकरांना त्या दिवशी कळलं. रात्री पानात मऊ भात नव्हता. चवळीची उसळ होती, चांगली डावभर. "आता खायला हरकत नाही ना," रत्नप्रभा म्हणाली. ती खरोखरच आनंदात होती, आणि तिच्या आनंदाने खवणेकरांचं पोट दुखायला लागलं. पण आता ते सांगायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी धाकूकाकांनी त्यांना बोलावून घेतलं. धाकूकाकांनी गिरणीत आयुष्य काढलं होतं, आणि मालवणातून आणलेली बोली त्यांनी मुंबईत जराही झिजू दिली नव्हती. दम लागत असल्याने ते थोडं बोलत, पण बोलत ते ठाम.

"जंत लपान बसलो हा," ते म्हणाले. "तो काय येडो नाय. आमिष लावल्याशिवाय भायर येवचो नाय."

"आमिष कसलं, काका?"

"ताकभात खाणाऱ्याच्या पोटात जंत कित्याक भायर येतलो? त्याका मांस व्हया."

हे खवणेकरांना एकदम पटलं. ज्याला पटवून घ्यायचं असतं त्याला असंच पटतं. अडचण एकच होती, श्रावण लागला होता. खवणेकरांच्या घरी श्रावण कडक. मासळीची गोष्ट सोडा, कांदा-लसूण टोपलीत दिसत नसे, आणि रत्नप्रभा सोमवार, शुक्रवार, शनिवार असे निरनिराळ्या देवांचे उपास करून त्या सगळ्यांना खूश ठेवत असे.

खवणेकर सांताक्रूझला औषधांच्या एका गुदामात कारकून होते. शेजारच्या टेबलावर ॲम्ब्रोज बसे. तो वाकोल्याचा, गुदामापासून चालत जाण्याइतका जवळ राहणारा. दुपारी तो घरी जेवायला जाई आणि सुगंधित होऊन परत येई. खवणेकरांनी आडवळणाने, एका ओळखीच्या माणसाची म्हणून, सगळी हकिकत त्याला सांगितली.

"तो ओळखीचा माणूस तूच ना?" ॲम्ब्रोज म्हणाला. "अरे, मग कलेजी खा ना. जंताला कलेजीसारखं दुसरं काय आवडणार? आमची उर्सुला करते, झकास. उद्या ये."

खवणेकरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना मार्ग सापडला. श्रावण माणसाला असतो, जंताला नसतो. आपण जे खाणार आहोत ते आपलं जेवण नसून जंताचं आहे. आपण नुसते वाहक. हा विचार त्यांना इतका निर्दोष वाटला की रत्नप्रभालाही सांगावा असं क्षणभर मनात आलं. पण त्यांनी तो मोह आवरला.

उर्सुला ठेंगणी, हसरी बाई होती. अंगणात तुळस नव्हती, क्रूस होता. बाकी घर कोकणातल्या घरासारखंच. तिने वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरून ठेवला होता, आणि त्यातली एक बाटली उघडताच खवणेकरांच्या अंगावर काटा आला. "लाजू नका, तुमी आजारी मानूस," असं म्हणत तिने वाढलं. पहिलं वाढप खवणेकरांनी जंताचं नाव घेऊन खाल्लं. दुसऱ्याला जंताची आठवण अधूनमधून झाली. तिसऱ्याला झाली नाही. त्यांचा डबा तिकडे गुदामात ॲम्ब्रोजने खाल्ला, आणि ते परतले तेव्हा अळूचं फदफदं बोटांनी पुसून घेत 'तुझी बायको मोठी माणूस आहे' असं म्हणाला.

पुढचा नमुना त्यांनी मुकाट्याने काड्यापेटीत नेला.

या वेळी डॉक्टरांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं, पुन्हा डोळा लावला. "या," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "स्वतः बघा."

खवणेकरांनी चष्मा काढला आणि ते वाकले. आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग गोल उजेड आला, आणि त्या उजेडाच्या मधोमध एक मोठं, लांबट गोल, सोन्याच्या रंगाचं अंडं निवांत पडलेलं होतं. त्याच्या एका टोकाला बारीक टोपण होतं. देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याला असतं तसं, नेटकं. खवणेकरांना भरून आलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "लवूच्या अंड्यांपेक्षा लहान की मोठं?"

"दुपटीहून मोठं. हा लिव्हर फ्लूक. पानासारखा चपटा किडा असतो, यकृतात राहतो. मेंढ्या-बकऱ्यांत पुष्कळ. माणसात मी आजवर पाहिलेला नाही."

पुढचे दिवस खवणेकरांच्या आयुष्यातले सर्वांत उत्तम दिवस होते. लवूचा हुकवर्म औषधाच्या एका मात्रेत गळून गेला होता. गेलेल्या जंताला कोण विचारतो? दुधाच्या रांगेत आता रत्नप्रभा बोलत होती आणि मालन ऐकत होती. मऊ भात परत आला. तूप वाढलं. सुस्कारा तर असा आला की दिवा फडफडला. समाचाराला येणाऱ्यांना खवणेकर टोपणाचं वर्णन सांगत, आणि टोपणापाशी आले की थोडं थांबत. लवू एकदाच आला. दारात उभा राहून म्हणाला, "मेंढरांना होतो ना रे हा? सांभाळ, लोकर येईल." जाताना त्याने जिन्यात बें केलं. खवणेकरांना ते बें गोड लागलं. त्या आवाजात काय आहे ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

मग डॉक्टरांचा निरोप आला: पत्नीला घेऊन या.

डॉक्टरांनी दोघांना बसवलं आणि सावकाश समजावलं. जंत खरोखर यकृतात असेल तर उपाय इंजेक्शनांचा, रोज एक, बरेच दिवस. औषध जहाल, हृदयावर ताण आणणारं. बिछान्यावर पडून राहावं लागेल. पण त्याआधी एक खात्री करायला हवी. हा किडा असलेल्या बकऱ्याची कलेजी कोणी खाल्ली, तर त्यातली अंडी शिजूनही जशीच्या तशी पोटातून बाहेर पडतात. अशा माणसाला काही झालेलं नसतं. अंडी नुसती पाहुणी असतात.

"म्हणून विचारतो," डॉक्टर म्हणाले, "गेल्या काही दिवसांत कलेजी खाल्लीत का?"

खवणेकरांनी तोंड उघडलं. पण रत्नप्रभा आधी बोलली.

"श्रावण आहे, डॉक्टर. तुमच्याकडे ईस्टरआधीचे उपास असतात ना, तसा. आमच्या घरात कांदा शिरत नाही. हे तर देवमाणूस. यांना विचारणंसुद्धा पाप आहे."

खवणेकरांनी उघडलेलं तोंड मिटलं. देवमाणसाला दुसरं काय करता येतं?

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं त्यांना वाटलं. मग ते म्हणाले, चार दिवस फक्त घरचं जेवण, बाईंच्या हातचं, आणि मग पुन्हा नमुना. अंडी दिसली तर इंजेक्शनं. नाही दिसली तर आधीची अंडी कलेजीतलीच, यात शंका नाही.

"दिसतील," रत्नप्रभा म्हणाली. "आमच्या घरात कलेजी आलीच नाही, तर न दिसून जातील कुठे?"

घरी येईपर्यंत खवणेकरांना परिस्थितीचा पूर्ण आवाका आला. अंडी दिसली तर हृदय धोक्यात. न दिसली तर श्रावणात कलेजी खाणारा म्हणून बायकोपुढे, लवूपुढे, दुधाच्या रांगेपुढे उघडं पडायचं. त्यांनी दोन्ही संकटं तोलून पाहिली. इंजेक्शन दिवसातून एकदाच टोचलं असतं. मालन सकाळ-संध्याकाळ टोचली असती. अंडी दिसलीच पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं.

म्हणून चौथ्या दिवशी, रत्नप्रभाने देवाला हात जोडून बांधून दिलेला डबा ॲम्ब्रोजच्या हवाली करून, ते पुन्हा वाकोल्याला जाऊन बसले. उर्सुलाने कपाळावर हात मारला. कलेजी मिळाली नव्हती. एका बकऱ्याला कलेजी एकच, आणि ती कोणीतरी पहाटेच नेलेली. पण पाहुणा उपाशी जायला नको म्हणून तिने मटण आणून ठेवलं होतं, बटाटा घालून.

इथे शहाणा मनुष्य उठला असता. पण बाटलीमसाल्याचा वास आला की शहाणपण जरा बाजूला सरकतं, असं दिसतं. बकरा जर एकच, तर कलेजीतली अंडी फिरत फिरत मांडीपर्यंत आली नसतील कशावरून, असा शास्त्रीय विचार खवणेकरांनी केला आणि पाटावर बसले. जेवणाची सुट्टी संपत आली होती. त्यांनी भराभर जेवून घेतलं.

नमुना दिला त्या संध्याकाळी नवराबायको दोघं गेली. दवाखान्याच्या बाकावर लवू बसलेला होता. बरा झाल्याची खात्री करून घ्यायला आलो, असं तो म्हणाला. पण तो चपला काढून, मांडी घालून, जत्रेतल्या खेळाला बसावं तसा बसला होता.

आत डॉक्टर डोळा लावून होते. काच डावीकडून उजवीकडे गेली, उजवीकडून डावीकडे आली. "एकही नाही," ते म्हणाले.

"पुन्हा बघा," खवणेकर म्हणाले.

"लपली असतील," रत्नप्रभा म्हणाली. "मी बघू का? यांचं मी सगळं बघत आले आहे."

डॉक्टर क्षणभर घुटमळले, पण बाईला नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. रत्नप्रभाने पदर खोचला आणि वाकली. बाहेरून लवूच्या खोकल्याचा आवाज आला. तो दाराच्या जवळ सरकला असावा.

"अंडी नाहीत," ती म्हणाली. "ह्या पिवळ्या काड्या कसल्या? पुष्कळ आहेत. अंगावर आडव्या रेघा आहेत, खणाच्या काठासारख्या."

डॉक्टरांनी खवणेकरांकडे पाहिलं. खवणेकरांनी भिंतीवरच्या मेरीच्या चित्राकडे पाहिलं. तिथूनही काही मदत आली नाही.

"ते मांसाचे धागे, बाई," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "नीट चावलेलं नाही."

रत्नप्रभा लगेच सरळ झाली नाही. डोळा लावून ती आणखी थोडा वेळ बघत राहिली, जणू त्या रेघांत पुढचं काही लिहिलेलं असावं. मग तिने पदर सोडला, डॉक्टरांना नमस्कार केला आणि दार उघडलं. लवू दारातच होता.

"काय निघालं, वैनी?"

"काय निघायचंय? पोट साफ आहे. एका इंजेक्शनाचीसुद्धा गरज नाही. सगळ्यांची पोटं तुमच्यासारखी नसतात, भावजी."

ती रस्त्याला लागली. खवणेकर मागून चालू लागले. आता काय काय येणार याची ते मनातल्या मनात उजळणी करत होते: श्रावण, सोमवार, देव, तिचे उपास, सासरे. यांपैकी काहीच आलं नाही. चर्च मागे पडलं, तरी आलं नाही. मग ती केळ्यांच्या गाडीपाशी थांबली आणि केळ्यांकडे बघत तिने विचारलं, "कोणी रांधलं होतं?"

"ॲम्ब्रोजच्या घरी. त्याच्या बायकोने. उर्सुला."

"नाव विचारलं नाही मी." तिने एक फणी उचलून परत ठेवली. "किती वेळा गेलात?"

"दोनदा."

"दोनदा. आणि माझा डबा?"

"ॲम्ब्रोजने खाल्ला. फार नावाजलं त्याने."

"त्याला खाऊ दे. त्याला चव आहे." ती चालायला लागली, मग एकदम थांबली. "मी इतकी वर्षं तुमचा भात बोटाने चेचून वाढते. मसाला पाण्यात धुऊन घालते, तुम्हाला सोसत नाही म्हणून. आणि तिच्या हातचं तुम्ही न चावता गिळता."

खवणेकरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं नाक लाल झालं होतं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. लवूच्या दारात पातेलं गेलं त्या संध्याकाळपासून हाच आवाज ते स्वतःच्या पोटात ऐकत आले होते. तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून, आणि तोही आपल्यासाठी, कधी ऐकायला मिळेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"चांगलं करते का?" तिने विचारलं. रस्त्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं.

'छे' एवढं एकच अक्षर पुरलं असतं. खवणेकरांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्यांनी ते गिळलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"बरं करते," ते म्हणाले. "मसाला जरा निराळा आहे."

रत्नप्रभाने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "श्रावण संपू दे," ती म्हणाली, "मग बघते."

कोणाला बघते, उर्सुलेला, मटणाला की आपल्याला, हे खवणेकरांनी विचारलं नाही. ती भराभर पुढे निघाली होती. चाळीचं वळण जवळ येत होतं, आणि ते इतक्यात येऊ नये म्हणून खवणेकर अगदी सावकाश चालले होते.